छोटा हत्ती : जन्म पुण्यात, मग पंतनगरला का गेला?

निवांत_नाना
टाटा एसला, म्हणजे आपल्या छोटा हत्तीला, मे 2025 मध्ये वीस वर्षं झाली आणि जूनमध्ये लगेच एस प्रो आली, 3 लाख 99 हजारांपासून. त्यावरून आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपात जुंपली. एक म्हणतो छोटा हत्ती म्हणजे पुण्याची गाडी, दुसरा म्हणतो कसली पुण्याची, ती उत्तराखंडात बनते. तसे दोघेही बरोबरच आहेत. मे 2005 ला आली तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून येत होती, आणि 2007 मध्ये पंतनगरचा कारखाना सुरू झाल्यावर हळूहळू तिकडचीच झाली.

मला पडलेला प्रश्न असा की सगळे व्हेंडर (सुटे भाग पुरवणारे) भोसरी-चाकणला, डिझाइनवाले पुण्यात, इंजिन इथल्याच इंडिकाचं, गिऱ्हाईक महाराष्ट्र-गुजरात-दक्षिणेत, मग इतक्या लांब तराईत जायचं कारण काय? कर हे उत्तर मला माहीत आहे, पण नुसत्या करापायी एवढा पसारा हलतो का? ज्यांनी या धंद्यात काम केलंय किंवा गाडी चालवलीय त्यांनी लिहा. राजकारण नको प्लीज.

खडूस_पेठकर
पुण्यातून काय काय गेलं याची यादी सुरू केलीत तर सर्व्हर झोपेल. आणि "राजकारण नको" लिहिलेल्या धाग्यावर तिसऱ्या प्रतिसादाला राजकारण येतं असा अनुभव आहे. बसलोय खुर्ची टाकून.

स्पॅनर_पाना
नाना, आधी गाडी का काढली ते बघायला लागेल, त्याशिवाय कारखान्याचं कोडं सुटणार नाही. 2000-01 मध्ये टाटा मोटर्सला (तेव्हा नाव टेल्को) सुमारे 500 कोटींचा तोटा झाला होता. ट्रकचा धंदा कोसळला होता. मोठ्या ट्रकवर सगळी भिस्त ठेवली की मंदीत कंपनी आडवी होते हे तेव्हा कळलं, म्हणून ज्या थरात मंदी तितकी लागत नाही तो शोधायला लागले. रविकांत तेव्हा कमर्शिअल गाड्यांचे प्रमुख, आणि हे काम दिलं गिरीश वाघांकडे, जे आधी इंडिकावर होते आणि पुढे नॅनोवर गेले.

ही मंडळी तीनचाकी मालवाहू रिक्षावाल्यांकडे जाऊन बसली. एका रिक्षावाल्याने सांगितलेलं खूप ठिकाणी छापून आलंय, की चारचाकी असली तर गावात लग्नाला मुलगी मिळायला सोपं जाईल. हसू नका, गाडीची अर्धी ब्रीफ त्यात आहे. स्थिर हवी, सुरक्षित हवी, दारात उभी केली तर "गाडी" दिसायला हवी, आणि किंमत मात्र तीनचाकीच्या अंगाला अंग घासणारी.

आता किंमत कशी बसवली, तर नवीन इंजिन काढायला पैसे नव्हते. इंडिकाचं 1405 सीसीचं चार सिलिंडर डिझेल घेतलं आणि त्याचं अर्धं केलं, दोन सिलिंडर, 702 सीसी, 16 अश्वशक्ती. टर्बो नाही, काही नाही. पुढे आणि मागे दोन्हीकडे पाट्याचे स्प्रिंग, चार गिअर, बारा इंची चाकं, कागदावर पाऊण टन माल. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तोवर चारचाकी मालगाडी घ्यायची तर टाटांच्याच मोठ्या 207 किंवा 407 कडे बघायला लागायचं आणि त्या या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातच नव्हत्या.

शेवंता_ट्रान्सपोर्ट
"कागदावर पाऊण टन" हे वाचून मोठ्याने हसले 😀 आमच्याकडे पहिली गाडी सेकंडहँड घेतली, नंतर नव्या. गुलटेकडीच्या मार्केटयार्डात पहाटे कांद्याच्या गोण्या भरताना पाऊण टन कुठे संपला ते हमालालाही कळत नाही. मागचे पाटे सरळ होऊन उलटे वाकायला लागले की ड्रायव्हर म्हणतो "बास आता". पाट्यात एक-दोन पान जास्तीचं टाकून घेणं हे तर नवीन गाडीच्या पूजेइतकंच ठरलेलं होतं. ओव्हरलोडचं समर्थन करत नाहीये, दंडही भरलेत, पण चालायचं हेच.

गाडी चालली का ते मला विचाराल तर बोळांमुळे. मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात बंदी, रविवार पेठेत 407 घातली तर मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. हिचं वळण अगदी छोटं, साडेचार मीटरच्या आतल्या त्रिज्येत फिरते, बोळाच्या तोंडाला फाळका लावून उलटी आत घालायची आणि माल उतरवून सरळ बाहेर. तीनचाकी पण बोळात जाते, पण भरलेली तीनचाकी वळणावर कलंडते, आणि मार्केटयार्डात कलंडलेल्या तीनचाकीतल्या टोमॅटोचं काय होतं ते मी बघितलंय.

इंजिन सीटच्या खाली. सीट उचलली की हातात. उन्हाळ्यात ड्रायव्हरची बूड शेकते ही तक्रार प्रत्येकाची, पण रस्त्यात बंद पडली तर पावसात गाडीखाली झोपायला लागत नाही. आमचा एक ड्रायव्हर सीट उचलून तिथेच उभ्या उभ्या बेल्ट बदलायचा आणि मागच्या गाडीवाल्याची शिवी पूर्ण व्हायच्या आत स्टार्टर मारायचा.

वडापवाला
आमच्या कराड-पाटण साइडला छोटा हत्ती मालापेक्षा माणसं जास्त न्यायला लागला होता. लग्नाचं वऱ्हाड, यात्रा, ऊसतोडीची टोळी. कंपनीला पण कळलं असणार म्हणून 2007 ला मॅजिक काढली, खाली तीच गाडी, वर सीटा आणि छप्पर. वडापच्या (सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या) जीपगाड्यांचा धंदा तिने खाल्ला. पासिंगमधल्या सीटा आणि बसलेली माणसं यातलं अंतर विचारू नका.

अवांतर : गणपतीत डीजे लावायला छोटा हत्ती पाहिजे म्हणजे पाहिजेच. हौद्यात स्पीकरची भिंत, वर जनरेटर, आणि दोन सिलिंडर बिचारे मिरवणुकीच्या वेगात दिवसभर धपधप करतात.

खडूस_पेठकर
दोन सिलिंडरचा आवाज डीजेच्या आवाजात ऐकू आला म्हणजे तुमचे कान अजून शाबूत आहेत, अभिनंदन.

भोसरीकर_लेथ
नानांच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण इथे सगळे बोळात घुसलेत. मी थेट टाटांना माल देत नव्हतो, आमचं वर्कशॉप भोसरीला, एका मोठ्या व्हेंडरला मशीनिंग करून द्यायचो आणि तो पुढे द्यायचा. त्यामुळे हे जवळून बघितलंय.

2003 मध्ये केंद्राने उत्तराखंड (तेव्हा उत्तरांचल) आणि हिमाचलसाठी पॅकेज जाहीर केलं. नवीन कारखान्याला दहा वर्षं एक्साइज (कारखान्यातून माल निघताना लागणारा केंद्राचा कर) माफ, इन्कम टॅक्स पहिली पाच वर्षं शंभर टक्के माफ. तेव्हा एक्साइजचा सर्वसाधारण दर 16 टक्के. कारखान्यातून निघताना समजा पावणेदोन लाखांची गाडी धरली तर एका गाडीवर 28 हजार. सव्वादोन लाखाला विकायच्या गाडीत 28 हजार म्हणजे काय ते धंदा करणाऱ्याला सांगायला नको. पंधरा लाखांच्या ट्रकला पण टक्का तोच, पण तिथे गिऱ्हाईक ट्रकची कमाई बघतं. इथलं गिऱ्हाईक पाचशे रुपयांवर अडतं.

पण यातली गंमत अशी आहे, जी पेपरात कोणी लिहीत नाही. तयार गाडीवर एक्साइज नाही म्हटल्यावर आत येणाऱ्या पार्टवर भरलेल्या एक्साइजचं क्रेडिट (वजावट) पण मिळत नाही. म्हणजे मी भोसरीत पार्ट बनवला, त्यावर 16 टक्के लावले, तो पंतनगरला गेला, की ते 16 टक्के तिथल्या गाडीच्या खर्चात कायमचे चिकटले. शिवाय दीड हजार किलोमीटरचं भाडं. मग काय करायचं, तर व्हेंडरनेच तिकडे शेड टाकायची, त्याला पण माफी मिळते आणि पार्ट बिनएक्साइजचा आत जातो. म्हणून तिथे टाटांच्या जमिनीतच व्हेंडर पार्क काढलं. कारखाना एकटा जातच नाही हो, गेला तर आख्खं बिऱ्हाड जातं.

आमचा मोठा व्हेंडर तिकडे गेला. मला विचारलं येतोस का. दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन हिमालयाच्या पायथ्याशी कुठे जाऊ? नाही गेलो. ऑर्डर निम्म्यावर आली, जुनं पेमेंट नव्वद दिवसांचं दीडशे दिवसांवर गेलं. नंतर पंपाच्या पार्टचं काम धरलं, चाललंय.

कावेरी_न
भोसरीकर, क्रेडिटचा मुद्दा लाखमोलाचा. सीए आहे, शंभर टक्के सहमत. माफी ऐकायला गोड पण साखळी तुटते, आणि तुटलेल्या साखळीच्या ज्या बाजूला तुम्ही आहात त्यावर ती गोड की कडू ते ठरतं.

तावातावाने
सगळं ठीक आहे पण खरं कारण युनियन. टेल्कोचा 1989 चा संप विसरलात का? शनिवारवाड्यावरचं उपोषण, पहाटे पोलिसांनी उचललेले कामगार. तेव्हापासून सगळ्या मालकांनी पुण्याचा धसका घेतला.

खडूस_पेठकर
अंदाज जरा चुकला, आठवा प्रतिसाद लागला.

स्पॅनर_पाना
तावातावाने साहेब, 1989 नंतर त्याच पुण्यात 1994 ला सुमो आली, 1998 ला इंडिका आली, आणि हा छोटा हत्तीसुद्धा 2005 ला इथूनच निघाला. धसका घेतला असता तर कंपनीची सगळ्यात महत्त्वाची गाडी, इंडिका, इथे लावली असती का? संप मोठा होता, त्यावर वेगळा धागा काढा, मीच पहिला प्रतिसाद देईन. पण 2007 चा हिशेब त्याला चिकटवू नका.

चष्मेवाला
मला कर हे अर्धंच उत्तर वाटतं. दुसरं कारण म्हणजे गाडी अपेक्षेपेक्षा फारच जास्त खपली. पहिली दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत लाखाचा आकडा पार झाला. पिंपरी-चिंचवडच्या आवारात ट्रक, सुमो, सफारी, इंडिका सगळं दाटीवाटीने चाललेलं. एवढ्या संख्येची गाडी काढायला मोकळी जागा लागतेच, आणि नवीन जागा घ्यायचीच आहे तर करमाफीत का नको? म्हणजे पुण्यातून "गेली" म्हणण्यापेक्षा वाढली ती तिकडे वाढली. पंतनगरला साडेनऊशे एकरांच्या आसपास जमीन मिळाली, व्हेंडर पार्क धरून, आणि ती औद्योगिक वसाहत पंतनगर कृषी विद्यापीठाच्या शेतजमिनीतून काढलेली. सपाट, एकत्र, मालकी एकाची. अशी जमीन मिळणं किती अवघड ते पुढे बंगालमध्ये सिंगूरला जमिनीच्या वादात दिसलंच. तिथून नॅनो हलली तेव्हा गुजरातेतला साणंदचा कारखाना तयार होईपर्यंत पहिल्या नॅनो कुठे बनल्या? याच पंतनगरला.

भोसरीकर_लेथ
"वाढली ती तिकडे वाढली" हे वाक्य शेडच्या आतून आणि शेडच्या बाहेरून वेगवेगळं ऐकू येतं चष्मेवाले. पण मुद्दा मान्य.

जुनी_टेल्को
माझे यजमान टेल्कोत होते, पिंपरीला, त्यामुळे चार शब्द. तुम्ही सगळे छोटा हत्ती म्हणजे टाटांची पहिली छोटी मालगाडी असल्यासारखं बोलताय. त्याआधी 1986 ला 407 आली, आणि 1988 ला टाटामोबाइल 206, ती खरी पिकअप. तिच्याच पोटातून पुढे सिएरा आणि इस्टेट निघाल्या. 207 तर अजून खेडोपाडी दुधाचे कॅन वाहते. हे सगळं पुण्याचं. 1966 मध्ये इथे काम सुरू झालं तेव्हा चिंचवडला माळरान होतं, आणि टेल्को चालवणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी कारखान्याआधी झाडं आणि तळं यांचा हट्ट धरला. ट्रेनिंगला घेतलेल्या पोरांना आधी फाइल घासायला लावायचे, मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताला कळेपर्यंत. ती पोरं नंतर आख्ख्या पट्ट्यात पसरली. भोसरीच्या निम्म्या शेडमध्ये टेल्कोत शिकलेला एक तरी मास्तर सापडेल.

वडापवाला
सुमो नाव पैलवानावरून आहे ना? जपानी?

जुनी_टेल्को
नाही हो. सुमंतचा सु, मुळगावकरांच्या इंग्रजी आडनावातला (Moolgaokar) मो.

मिनेसोटातला_मामा
मी अमेरिकेत सेंट पॉलला राहतो, आणि हा धागा वाचताना सारखी इथल्या फोर्डच्या कारखान्याची आठवण येतेय. घरापासून जवळच होता. मिसिसिपी नदीच्या काठावर, 1925 ला सुरू झालेला, सुरुवात मॉडेल टी पासून. नदीच्या बंधाऱ्यावर स्वतःची वीज, आणि कारखान्याच्या खालचा वालुकाश्म खणून त्याच वाळूची काच, गाड्यांच्या खिडक्यांना. बोगदे अजून जमिनीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात तिथे चिलखती गाड्या बनल्या.

1985 पासून तिथे फोर्ड रेंजर बनायला लागली, अमेरिकन हिशेबात छोटी पिकअप, आपल्याकडच्या हिशेबात भलीमोठी. त्याआधी फोर्ड जपानच्या माझदाकडून कुरिअर नावाची पिकअप आणून विकायची. पण 1964 पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर इथे 25 टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेने चिडून लावलेली. कोंबडीचं भांडण मिटून जमाना झाला, जकात तशीच. त्यामुळे पिकअप इथेच बनवणं भाग, आणि गंमत म्हणजे 1994 पासून उलटं झालं, फोर्ड आपली रेंजर माझदाच्या नावाने बनवून द्यायला लागली.

2006 ला फोर्डने कारखाना बंद करणार असं जाहीर केलं, पण पेट्रोल महागलं, लोक छोटी पिकअप मागायला लागले आणि तारीख पुढे पुढे ढकलत गेली. शेवटची रेंजर 16 डिसेंबर 2011 ला बाहेर पडली. ती घेतली कोणी, तर पेस्ट कंट्रोलवाल्या कंपनीने. आता कारखाना पाडून तिथे हायलँड ब्रिज नावाची नवी वस्ती झालीय, आम्ही तिथे संध्याकाळी फिरायला जातो.

सांगायचा मुद्दा, इथे करामुळे पिकअपचा कारखाना टिकला, तुमच्याकडे करामुळे हलला. गाडी चांगली की वाईट हे दोन्हीकडे नंतर.

खडूस_पेठकर
म्हणजे तिकडे कोंबडी आणि इकडे हत्ती. मामा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

शेवंता_ट्रान्सपोर्ट
मामा, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी घेतली हे भारी. इकडे पण छोटा हत्तीचं गिऱ्हाईक असंच, पाण्याचे जार, गॅस सिलिंडर, मंडपवाले, भंगारवाले. आणि एक विसरले, लोन. आधी तीनचाकीवाल्याला दारात उभं न करणारे लोक चारचाकी म्हटल्यावर फॉर्म पुढे करायला लागले. अर्थात हप्ता चुकला की तेच लोक गाडी ओढून न्यायला तितक्याच तत्परतेने येतात, नाव घेत नाही.

तावातावाने
बरं युनियन सोडतो. पण आता छोटा हत्तीचे दिवस गेले हे तरी मान्य करा. 2010 ला महिंद्रची मॅक्सिमो, 2011 ला अशोक लेलँडचं दोस्त, मग जीतो, मारुतीची सुपर कॅरी. आणि हायवेला बघाल तर बोलेरो पिकअपच बोलेरो पिकअप.

स्पॅनर_पाना
हे बरोबर बोललात, थोडी भर घालतो. गिऱ्हाइकाला भाड्याची गोडी लागली की तो दीड टनाची गाडी बघतो, तिथे छोटा हत्ती नाही पुरत. पण 2012 ला दहा लाख आणि 2017 ला वीस लाख असे आकडे दिवस गेलेल्या गाडीचे नसतात. आता शहरात कुरिअर आणि किराणा पोचवायला 2022 ला आलेली विजेवरची एसही आहे. आवाज नाही, बूडही शेकत नाही, शेवंताताईंच्या ड्रायव्हरला सांगा.

शेवंता_ट्रान्सपोर्ट
त्याने एकदा चालवून बघितली. म्हणाला "सीट उचलून बघू काय?" 😀 पण पहाटे लांबची खेप असली की चार्जिंगचं गणित अजून आम्हाला जमलेलं नाही, शहरातल्या शहरात ठीक.

कावेरी_न
नानांच्या "नुसत्या करापायी हलतो का" या प्रश्नाला एक शेपूट. पंतनगरची माफी दहा वर्षांची, म्हणजे 2007 ला सुरू झालेल्या कारखान्याची 2017 ला संपते. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि एक्साइजच गेलं. म्हणजे भोसरीकरांनी सांगितलेले 28 हजार आज शून्य. तरी कारखाना तिथेच आहे, व्हेंडर तिथेच आहेत, आणि इतक्या वर्षांत तिथेही हात तयार झाले असणारच. त्यामुळे माझं उत्तर असं : हलायला कर पुरतो, परत आणायला मात्र कर पुरत नाही. सवलत दहा वर्षांची होती, पण परिणाम कायमचा झाला.

भोसरीकर_लेथ
मॅडम, हेच मी दहा ओळींत सांगू शकलो नाही. फक्त जुन्या टेल्कोवाल्या ताई म्हणाल्या ते जोडा, मास्तर लोक इथेच राहिले. त्यांच्याच जोरावर आमच्यासारख्यांना दुसरं काम धरता आलं. चाकणला बाकीचे मोठे कारखाने आले तेही त्यांना बघूनच आले असं माझं मत.

निवांत_नाना
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. ग्रुपवर धाग्याची लिंक टाकली, आता तिकडचा वाद "सुमो नाव कशावरून" इथे पोचलाय.

वडापवाला
एक काम होतं. 2009 ची मॅजिक आहे, सीटा काढून हौदा करून घ्यायचा विचार आहे, पासिंगला कागद काय लागतात कुणाला माहीत आहे का?

शेवंता_ट्रान्सपोर्ट
प्रवासीची मालवाहू करताय म्हणजे आरटीओची आधी परवानगी लागणार, आधी हौदा बसवून मग जाऊ नका. आणि 2009 ची आहे तर फिटनेस कधी संपतंय ते बघा, हौद्यावर खर्च करून गाडी भंगारात जायला नको. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.